वंगणाच्या नळकांड्यापासून ग्रीसगनपर्यंत : चाकाच्या आतली गोष्ट

आज पिकाचं नाही, चाकाचं लिहितो.

मागच्या हंगामात कापूस वेचून झाला अन् संध्याकाळी ट्रॉली घेऊन घराकडं निघालो. वेचणीच्या सात बायका ट्रॉलीत बसल्या होत्या. बसवायला नको, हे माहीत असूनही आपण सगळे बसवतोच. त्या गावाच्या वेशीपाशी उतरल्या. मी पुढं जिनिंगच्या रस्त्याला लागलो अन् अर्ध्या तासात उताराला डावं चाक निखळून बाजूच्या तुरीत गेलं. ट्रॉली कलंडली, कापूस मातीत. मिस्त्रीनं हब उघडून दाखवला. ग्रीसच्या जागी तांबूस चिखल होता, बेअरिंगच्या रोलरचे तुकडे झाले होते अन् आख निळा पडला होता. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, हे एका दिवसात नाही झालं." त्या सात बायका डोळ्यांपुढून हलेनात. तेव्हापासून या चाकाच्या मागं लागलो, त्यातून हे टिपण झालं.

माझ्या आज्याकडं बंडी होती. लाकडी चाक, वरून लोखंडी धाव, मधे तुंबा. तुंब्यात बसवलेली लोखंडी नळी आखावर घासत फिरायची. त्यात बेअरिंग वगैरे काही नाही, लोखंडावर लोखंड. मधे फक्त वंगण. एरंडेल तेल अन् चिंध्यांची राख मिळून झालेला तो काळा लगदा बांबूच्या नळकांड्यात भरून बंडीलाच लटकवलेला असे. लांब जायचं तर निघण्याआधी चाक थोडं बाहेर ओढून आखाला वंगण लावायचं, हा नेमच होता. आजा म्हणायचा, "बंडी कुरकुरली म्हंजे बैलाच्या मानीवर वझं वाढलं समज. वंगन देल्लं का रे?" चूक झाली की बंडी बोंबलायची. गावभर ऐकू जायचं, लोक हसायचे. त्या आवाजाच्या धाकानंच वंगण टळत नसे.

याच बंड्यांनी आपला जिल्हा जगाच्या बाजाराला जोडला. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, अन् वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावं तिच्या वाटेवर आली. खामगावची कापूस पेठ मात्र बाजूला राहिली होती, म्हणून जलंब ते खामगाव असा छोटा फाटा टाकला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. रेल्वे आली तरी शेतापासून पेठेपर्यंतचा माल बंडीवरच होता. खामगावात ओळीनं लागणाऱ्या प्रत्येक बंडीखाली वंगणाचं नळकांडं लटकत असणार, हे डोळ्यांपुढं आणून पाहा.

बेअरिंगचा शोधसुद्धा मोटारवाल्याचा नाही, गाडी बनवणाऱ्याचा आहे. अमेरिकेत सेंट लुईस गावात हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बनवणारा कारखानदार होता. भरलेली गाडी वळणावर आली की चाकावर आडवा जोर येतो अन् तिथंच आख जास्त घासतो, हे त्यानं हेरलं. १८९८ साली त्यानं निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. रोलर थोडे तिरपे बसवलेले असतात, म्हणून वरचं वजनही पेलतात अन् बाजूचा जोरही. आज आपल्या ट्रॉलीच्या बहुतेक हबमधे आत-बाहेर अशी त्याच जातीची दोन बेअरिंगं असतात.

हवेचं टायर डनलॉप नावाच्या माणसानं बेलफास्टमधे १८८८ साली आणलं. पुढं त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ मधे बंगालात साहागंजला निघाला. टायरच्या बैलगाडीला आपले लोक आजही 'डनलॉप' म्हणतात. बंगलोरच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. बेअरिंग अन् टायर आले तर बैलाचे हाल कमी होतील, तोच बैल जास्त माल ओढेल, हे ते सांगत राहिले. बैलाचं ओझं हलकं झालं, हे खरंच. पण त्याबरोबर कुरकुरही गेली. बेअरिंग हबमधे बंद असतं, वरून टोपी. ते सोसत राहतं अन् बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो. वंगणाचा नेम तिथंच सुटला.

आता ग्रीसचं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. साबण स्पंजासारखा असतो, तेल हळूहळू सोडतो. चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचं जुनं ग्रीस पाण्याला टिकायचं पण तापलं की पातळ व्हायचं. सोडियमचं ग्रीस उष्णता सोसायचं पण पाण्यात विरघळायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिथियमचं ग्रीस आलं, ते पाणी अन् उष्णता दोन्हीला बरं. म्हणून चाकाला तेच घ्यायचं. डब्यावर लिथियम लिहिलंय का पाहा. अन् वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकात एक मिसळू नका, काही जोड्या जमत नाहीत अन् ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

माझं काय चुकलं, ते मिस्त्रीनं विचारलेल्या एका प्रश्नानं कळलं. "नाल्यातून ट्रॉली नेता का?" नेतो की, रोजच. लांबून आलेली ट्रॉली तापलेल्या हबसकट थेट पाण्यात जाते. हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते अन् जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. परदेशात लोक नाव ट्रेलरवर घालून तळ्यावर नेतात अन् ट्रेलर पाण्यात उतरवतात. त्यांचीही बेअरिंगं अशीच जातात, म्हणून ते आधी हब गार होऊ देतात. आपल्याकडं ज्ञानगंगा, विश्वगंगेला मिळणारे नाले किती अन् त्यातून जाणाऱ्या ट्रॉल्या किती, तुम्हीच मोजा.

आता मी वर्षातून दोनदा हब उघडतो, पेरणीआधी एकदा अन् पाऊस सरल्यावर, माल निघायच्या आधी एकदा. ट्रॉली रिकामी करायची, दुसऱ्या चाकांना दगड लावायचे, जॅकखाली पक्कं लाकूड. चाक वर-खाली धरून हलवून पाहायचं, खडखड असेल तर बेअरिंग ढिलं आहे. हातानं फिरवून कान लावायचा. मग खोलून बेअरिंग डिझेलनं धुवायचं अन् पूर्ण सुकवायचं. कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवू नका, रोलर उडून डोळ्यात जाऊ शकतो. खड्डे, गंज किंवा निळसर डाग दिसला तर कप अन् कोन दोन्ही बदला, एकच नको. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत दाबायचं. हब मात्र गच्च भरायचा नाही, तापतो. सील नवीन टाका. चाक फिरवत नट आवळा, मग थोडा सैल करून नवी कॉटर पिन घाला. पहिल्या आठ-दहा किलोमीटरवर थांबून हबजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढं जाऊ नका.

शेवटी एक गोष्ट. बऱ्याच लिथियम ग्रीसमधला साबण ज्या मेणासारख्या आम्लापासून बनवतात, ते आम्ल एरंडेल तेलापासून काढतात. म्हणजे आज्याच्या नळकांड्यातली एरंडी आजही आपल्या चाकात आहे. नेम तेवढा राहिला नाही, तो परत धरू. अन् ट्रॉलीत माणसं बसवणं मी बंद केलंय.

तुमच्याकडं वंगणात काय घालत होते, घरातल्या जुन्या माणसांना विचारून खाली लिहा. अन् हब शेवटचा कधी उघडला होता, तेही खरं-खरं सांगा.