सीओपीडी : आहाराने फुप्फुसांना बळ मिळते का?

थोडक्यात : सीओपीडीत अरुंद झालेल्या श्वासनलिका आहाराने पूर्ववत होत नाहीत. मात्र अंगाने खंगलेल्या रुग्णाचे वजन वाढले, तर श्वासाच्या स्नायूंची ताकद आणि चालण्याची क्षमता सुधारू शकते.

सीओपीडी म्हणजे काय?
फुप्फुसांचा दीर्घकाळ टिकणारा आजार. जुना खोकला, कफ, चालताना लागणारी धाप ही त्याची लक्षणे. २०१६ मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. विडी-सिगारेट हे मोठे कारण, पण चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ-वाफा आणि हवेचे प्रदूषणही कारणीभूत ठरते.

पालघरचा संबंध काय?
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर हे देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. दुसरीकडे जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर चुलीचा धूर आणि कुपोषण हे जुने प्रश्न आहेत. फुप्फुसे आधीच दुबळी असतील, तर उपासमार जास्त महागात पडते.

वजन का घटते?
श्वास ओढायलाच जास्त शक्ती खर्च होते. त्यात जेवताना धाप लागते, पोट लवकर भरते, म्हणून जेवण कमी होते. मग शरीर स्नायू झिजवू लागते. श्वासपटल हाही स्नायूच. तो थकला की धाप आणखी वाढते. ‘वय झालं, म्हणून वाळले’ असे म्हणून हे सोडून देऊ नका. बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असणे या आजारात धोक्याचे मानले जाते.

काय खावे?
- एकदम पोटभर न जेवता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खा. जेवणाआधी थोडी विश्रांती घ्या.
- दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. डाळ, वाल, शेंगदाणे, दूध, ताजी मासळी यांतून बाकीची भरून काढा.
- सुके बोंबील, जवळा प्रथिनांनी भरपूर, पण खारट. नीट धुऊन घ्या. पायावर सूज किंवा रक्तदाब असेल, तर कमी खा.
- भाकरी नाचणीची असू द्या. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, त्यांना कॅल्शियम लागते.
- मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असल्यास आहार डॉक्टरांना विचारूनच बदला.

डॉक्टरांकडे कधी जावे?
सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी घटले, म्हणजे ५० किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर लगेच दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

लक्षात ठेवा : आहार हा इन्हेलरला पर्याय नाही. औषध, धुरापासून दूर राहणे, झेपेल तेवढे चालणे आणि पोटभर सकस अन्न या चारही गोष्टी सोबत हव्यात.