समवाय आणि मातृभाषा : वर्धा शिक्षणयोजनेतील भाषाविचार

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. या योजनेची चर्चा प्रामुख्याने स्वावलंबन, उद्योग आणि राष्ट्रीय राजकारण या अंगांनी झाली. परंतु मूल भाषा कशी आत्मसात करते, याविषयीची एक धारणाही तिच्या मुळाशी आहे. ती तपासल्याखेरीज योजनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा यांचा उलगडा होत नाही.

सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या या योजनेत शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि केंद्र हस्तोद्योग होते. या दोहोंना जोडणारे तत्त्व म्हणजे समवाय. कापसाच्या या जिल्ह्यात सरकी, पेळू, टकळी, पिंजणे हे शब्द मुलाला कोशातून मिळत नाहीत. ते हाताच्या हालचालीबरोबर अर्थ धारण करतात. अभ्यासक्रमात परिसरातील वस्तू, माणसे आणि घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता येण्याला महत्त्व होते. अक्षरांआधी चित्रकला शिकवावी, हे गांधीजींचे मतही याच दिशेचे होते. तात्पर्य, लेखनाआधी उच्चार आणि उच्चाराआधी अनुभव असा हा क्रम आहे.

याच दशकात, १९३४ साली, रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचा विचार आणि भाषा यांच्या संबंधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये आले. कृती, सहवास आणि शब्द यांच्या परस्परसंबंधातून मुलाचा विचार घडतो, ही त्यातील भूमिका समवायाला जवळची वाटते. मात्र व्हिगॉट्स्की एक पाऊल पुढे जातात : शालेय संकल्पना मुलाला प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे नेतात, असे ते दाखवतात. टकळीवरून 'सूत' समजते. 'न्याय' समजण्यासाठी तेवढे पुरत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. १९५९ साली चॉम्स्की यांनी स्किनरच्या भाषाविषयक ग्रंथाचे परीक्षण करताना दाखवून दिले की, मूल कधीही न ऐकलेली वाक्ये रचते. मराठी घरातले लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणते. हे रूप त्याला कोणी शिकवलेले नसते. नियम त्याने स्वतःच शोधलेला असतो आणि अपवादापर्यंत ते अजून पोहोचलेले नसते. समवाय शब्दार्थाचा उलगडा करतो, वाक्यरचनेचा नाही. सातव्या वर्षी शाळेत येणारे मूल व्याकरण बव्हंशी सोबत घेऊनच येते.

मग ते व्याकरण कोणते? वर्ध्याच्या खेड्यातले मूल 'मला' नव्हे, 'मले' म्हणते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात वऱ्हाड-मध्यप्रांतातील मराठीची स्वतंत्र दखल आहे. गोंड आणि कोलाम घरांतील भाषा तर मराठीहून भिन्न कुळातल्या. योजनेतील 'मातृभाषा' मात्र प्रांताची भाषा ठरते. इंग्रजीचे जोखड दूर करताना घर आणि पुस्तक यांतील अंतर तसेच राहते.

मातृभाषेचा आग्रह अस्मितेपुरता असेल, तर हे अंतर क्षम्य ठरेल. तो मनाच्या घडणीवर आधारलेला असेल, तर 'मले' ही चूक नसून नियम आहे, हे मान्य करावे लागते. समवायाच्या तत्त्वाची खरी कसोटी इथेच आहे : हाताच्या ज्ञानाला त्याने जी प्रतिष्ठा दिली, तीच जिभेच्या ज्ञानालाही द्यावयास हवी.