फुटबॉलचा वस्ताद : खालिद जमील

जयसिंगपुराहून कोल्हापूर ते किती दूर! तेथे शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे संघांची नावे तेवढी ऐका : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. नावे तालमींची आणि खेळ फुटबॉलचा! तेव्हा वस्ताद म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. स्वतःची कुस्ती संपल्यावर दुसऱ्याला कुस्तीत उभा करतो तो वस्ताद. फुटबॉलमध्ये त्याला प्रशिक्षक म्हणतात, विलायतेत मॅनेजर. मुंबईत घडलेल्या अशा एका वस्तादाची ही हकीकत आहे.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला. पण नाव झाले ते मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा संघांतून ते मधल्या फळीत खेळले, भारताकडूनही खेळले. पुढे दुखापतींनी पाय आखडले. शेवटी ते मुंबई एफ.सी. या क्लबात आले आणि २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबाने संघ त्यांच्या हाती दिला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर पळायचे, त्यांनाच आज पळवायचे! हे वाटते तितके सोपे नाही.

क्लब काही श्रीमंत नव्हता. आय-लीग स्पर्धेत तळाला गेलेल्या संघाला खालच्या वर्गात ढकलत. तेथून संघाला वाचवायचे, हेच त्यांचे काम. आणि सात हंगाम त्यांनी ते केले. खेळ फार बचावाचा, असा आक्षेप लोक घेत. असेलही. पण घरात दाणे थोडे असले की शेतकरी आधी बियाणे राखतो. २०१६ साली त्यांचा आणि क्लबाचा संबंध संपला. पुढच्याच हंगामात मुंबई एफ.सी. सर्वांत खाली राहिली आणि लीगमधून बाहेर पडली.

खालिद तेव्हा दूर मिझोरममध्ये होते. ऐजॉल एफ.सी. हा तिकडचा डोंगरी क्लब. आदल्या वर्षी तो खालच्या वर्गात गेलेलाच होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून निघून गेले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. खालिद यांच्या मागोमाग मुंबईचे काही खेळाडूही तिकडे गेले, त्यांत आपला जयेश राणे होता. या संघाने एप्रिल २०१७ मध्ये मोहन बागानला १–० असे हरवले. मग ३० एप्रिलला शिलाँगला शेवटचा सामना. बरोबरी पुरेशी होती, पण आधी गोल खाल्ला! उत्तरार्धात तो फेडला, १–१ झाले, आणि ऐजॉल विजेता ठरला. अठरा सामन्यांत ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबाने ही लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

एवढे होऊनही मोठी दारे लगेच उघडली नाहीत. शिक्षक मंडळींना आठवण द्यावीशी वाटते की, भारताला १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळामास्तरच होते. पण पुढे काळ असा आला की प्रशिक्षक म्हटला की तो परदेशीच हवा. इंडियन सुपर लीगमध्ये तर ही चाल पक्की झाली. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने आपला परदेशी प्रशिक्षक काढला आणि तात्पुरते म्हणून खालिद यांना उभे केले. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. मगच त्यांची कायमची नेमणूक झाली. त्या लीगमध्ये हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. नंतर जमशेदपूरलाही २०२५ साली त्यांनी उपांत्य फेरीपर्यंत नेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघ त्यांच्याकडे आला. त्यांच्याआधीचे भारतीय प्रशिक्षक गोव्याचे सावियो मेदेरा. त्यांनाही तेरा वर्षे होऊन गेली होती. सुरुवात झकास झाली : ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २–१ ने हरवले, ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक घेतला. पण आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत दोन सामन्यांत मिळून एकच गुण हाती घेऊन बसलेला संघ त्यांना मिळाला होता. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने भारताला २–१ असे हरवले आणि २०२७ च्या चषकाची वाट बंद झाली. त्या दिवशी भारताचा एकुलता गोल केला तो लालियानझुआला छांगते याने. हा खेळाडू मिझोरमचाच.