मधुमेह आणि रोजचे ताट : साखर आटोक्यात ठेवण्यासाठी काय खावे, कसे खावे?

घरात कुणाला मधुमेह असल्याचे कळले की दुसऱ्याच दिवशी भात बंद होतो, बटाटा बंद होतो, चहात साखरेऐवजी गूळ पडतो. शेजारीपाजारी कारल्याचा रस सुचवतात. महिनाभरात माणूस कंटाळतो आणि सगळे पूर्वीसारखे सुरू होते. आमचे सांगणे एवढेच आहे की, मधुमेहासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. घरातलेच अन्न वेगळ्या प्रमाणात वाढावे लागते आणि ते रोज पाळावे लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पण साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा खराब होतात.

आकडे काय सांगतात?

उपाशीपोटी साखर १०० पेक्षा कमी असेल तर ती सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह मानतात. एचबीए१सी या तपासणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ती ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर एका तपासणीवर न थांबता डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात.

साखर फक्त गोडाने वाढत नाही

भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा या सगळ्यांतील पिष्टाची पोटात साखरच होते. 'भाकरी कितीही खाल्ली तरी चालते' हा समज चुकीचा आहे. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांपैकी कोणत्याही १०० ग्रॅम धान्यात साधारण ६० ते ८० ग्रॅम कर्बोदके असतात. फरक तंतूंचा आहे. ज्वारी-बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात सुमारे ३ ग्रॅम. त्यामुळे भाकरीने साखर तुलनेने सावकाश चढते, पण चार भाकरी खाल्ल्या तर चढतेच.

आपल्या अनेक घरांत ताट धान्यानेच भरलेले असते आणि त्याला कारण आहे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. डाळ, भाजी, अंडी विकत आणावी लागतात. म्हणून वरण पातळ होते आणि भात वाढतो. रुग्णाला 'तोंडावर ताबा नाही' असे म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

ताट कसे वाढावे?

- अर्ध्या ताटात भाजी : मेथी, चवळी, शेपू, दोडका, कोबी, गवार, काकडी, मुळा. जी हंगामात स्वस्त असेल ती. बटाटा मात्र धान्याच्या हिश्शात मोजावा.
- पाव ताटात प्रथिने : घट्ट वरण, मोड आलेली मटकी, हरभरा, अंडी, मासे किंवा चिकन. सुकट-बोंबीलही चालतात, पण रक्तदाब असेल तर त्यातील मिठाकडे लक्ष द्यावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे.
- उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी किंवा भात यांपैकी एकच.
- आधी भाजी आणि डाळ-उसळ खावी, धान्य शेवटी. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी उसळते.
- फळांचा रस काढू नये. पेरू, सफरचंद, संत्रे यांपैकी एखादे फळ तसेच खावे.
- जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालावे.

गूळ आणि मधही साखरच आहेत. मेथीदाणे किंवा कारले खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत.

कार्यकर्त्यांचा दिवस

बैठका आणि कार्यक्रमांच्या दिवशी सहा-सात कप चहा सहज होतो. कपात दोन चमचे धरले तर सहा कपांत १२ चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २००० कॅलरी आहार असलेल्या माणसाने दिवसभरात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणून बिनसाखरेचे दोन कप पुरे. वडापावऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे पिशवीत ठेवावेत. कार्यक्रमात सर्वांसाठी जेवण असेल तेव्हा मसालेभाताबरोबर उसळ आणि काकडी-टोमॅटो ठेवणे आयोजकांना अवघड नाही.

साखर एकदम उतरली तर

इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण चुकवले की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. याच कारणामुळे खाणे एकदम कमी करायचे असेल किंवा उपवास धरायचा असेल तर औषधाच्या मात्रेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

तपासणी कुठे?

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. वस्तीतील आशाताईंकडे याची माहिती मिळते. तरुणांना आमची विनंती आहे की, या आठवड्यात आई-वडिलांना आणि शेजारच्या एखाद्या ज्येष्ठाला सोबत घेऊन जा, आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या.