लवणासुराचे झाकण : लोणार विवराच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला गेलेल्या माणसाला सरोवराआधी लवणासुराची कथा भेटते. हा दैत्य जमिनीखालच्या गुहेत लपून राही. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना वश करून गुहेचे ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचे झाकण उडवले आणि दैत्याचा वध केला. विवर म्हणजे ती गुहा, पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि क्षार म्हणजे त्याचे मांस. उडालेले झाकण दूरवर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर या कथेची साक्ष म्हणून दाखवले जाते.

या कथेवर अलीकडे एक आकर्षक भाष्य ऐकू येते. आकाशातून आलेली शक्ती, भूमीचे उडालेले झाकण, दूर फेकला गेलेला खडक हे सारे अशनी-आघाताचे वर्णनच नव्हे काय? आपल्या पूर्वजांनी तो आघात पाहिला आणि पुराणकथेत जपून ठेवला, असे हे प्रतिपादन आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ते विशेष मोहात पाडते, कारण त्यात कथेला इतिहासाचा मान मिळतो. हा मान तिला खरोखर देता येतो का, हे तपासायचे तर लोणारचा अर्थ गेल्या दोनशे वर्षांत कसकसा लावला गेला हे आधी पाहावे लागते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली. ती तीर्थाची आणि उत्पन्नाची आहे. या स्थळाला विष्णुगया म्हणतात, आणि काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते, अशा तिच्यातल्या गोष्टी आहेत. विवर कशाने झाले हा प्रश्न तिथे नाही. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणार पाहिले आणि त्यानंतर भूशास्त्रज्ञांची ये-जा सुरू झाली. मग मात्र हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर जवळपास तयारच होते. सभोवार शेकडो किलोमीटर पसरलेला काळा बेसाल्ट हा लाव्हारसाचा खडक. त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, काठापासून सुमारे १५० मीटर खोल, जवळजवळ वर्तुळाकार खड्डा. ज्वालामुखीच्या प्रदेशातले असे विवर ज्वालामुखीचेच असणार. कोणी ते वाफेच्या वा वायूच्या स्फोटाने झाले असे मानले, कोणी जमीन खचल्याने झाले असे म्हटले. परंतु कारण पृथ्वीच्या पोटातच शोधायचे, याविषयी फारसे दुमत नव्हते.

या उत्तरात अडचण होती. दख्खनचे लाव्हाप्रवाह सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. विवर मात्र इतके ताजे दिसते की त्याचा काठ अजून उभा आहे. कोट्यवधी वर्षे निद्रिस्त असलेल्या प्रदेशात एकाच ठिकाणी, लाव्हा न ओकता, असा स्फोट का व्हावा? विसंगती समोर असूनही उत्तर टिकले. त्याचे कारण त्या काळच्या भूशास्त्राच्या घडणीत सापडते. १८३० ते १८३३ या काळात चार्ल्स लायेलने 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'तून मांडलेला विचार असा की, आज दिसणाऱ्या संथ प्रक्रियाच दीर्घकाळात भूरूपे घडवतात. धर्मग्रंथांतील प्रलयाच्या कल्पनांपासून भूशास्त्राला सोडवणारा हा विचार मोलाचा होता. पण त्यामुळे आकाशातून क्षणार्धात कोसळणाऱ्या कारणाला शास्त्रात जागा उरली नाही. शिवाय ज्या प्रक्रियांवर लायेलचा भर होता त्याच आघातांच्या खुणा पुसत असतात. चंद्रावर विवरे असंख्य. पृथ्वीवर पाऊस, वारा, गाळ आणि भूपट्टांच्या हालचाली यांतून वाचलेली व निश्चित ओळखली गेलेली आघातविवरे आजही दोनशेच्या आसपासच आहेत. लोणारलाही हे पुसणे चालू आहे. ईशान्येच्या काठाला धारेने घळ पाडली असून तिने वाहून आणलेल्या गाळावर आत शेती होत आली आहे.

या विचाराच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण लोणारचे नाही, अमेरिकेतील ॲरिझोनाचे आहे. तिथेही असेच, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे विवर आहे आणि त्याच्याभोवती अशनींचे लोखंडी तुकडे विखुरलेले होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा नामांकित भूशास्त्रज्ञ १८९१ मध्ये तिथे गेला तो आघाताची शक्यता मनात धरूनच. त्याने दोन कसोट्या ठरवल्या. प्रचंड लोहपिंड खाली गाडला गेला असेल, तर तो खड्ड्यातली काही जागा व्यापेल आणि काठावरचा माल खड्ड्याच्या आकारमानाहून अधिक भरेल. शिवाय होकायंत्राची सुई विचलित होईल. दोन्ही मोजमापे विरुद्ध गेली. गिल्बर्टने प्रामाणिकपणे आघाताची कल्पना सोडली आणि वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष दिला. याच गिल्बर्टने चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे त्याच सुमारास मांडले होते! त्याची मोजमापे चुकीची नव्हती. चुकले ते गृहीतक: आदळणारा पिंड शाबूत राहतो हे. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या पिंडाची ऊर्जा स्फोटासारखी मुक्त होते आणि पिंडाचा बराचसा भाग वितळून वा वाफ होऊन नाहीसा होतो. खड्डा पिंडाच्या मानाने कितीतरी मोठा होतो, आणि पिंड तिरका आला तरी बहुधा वर्तुळाकारच होतो. गाडलेले लोखंड शोधण्यात डॅनियल बॅरिंजर या खाण-व्यावसायिकाने १९०३ पासून सुमारे पंचवीस वर्षे आणि मोठी संपत्ती घालवली. विवर आघाताचे, हे त्याचे म्हणणे खरे होते. लोखंड मात्र तिथे नव्हते.

प्रश्न सुटला तो खड्ड्याच्या आकारावरून नव्हे, खडकाच्या कणांवरून. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडले. क्वार्ट्झचे हे रूप अतिप्रचंड दाबाखालीच तयार होते, आणि तसा दाब भूपृष्ठाजवळ ज्वालामुखी देऊ शकत नाही. पुढल्याच वर्षी जर्मनीतील रीसच्या विवरालाही हीच कसोटी लागली. लोणारला मात्र ती लावता येईना, कारण दख्खनच्या बेसाल्टचे मुख्य घटक फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. कसोटीस पुरेसे क्वार्ट्झ त्यात नाही.

त्यासाठी वेगळी खूण हवी होती, आणि तिचे नाव योगायोगाने भारताशीच जोडलेले होते. १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी पडला. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माकने त्यात काचेसारखा एक पदार्थ पाहिला आणि त्याला ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिन यांच्यावरून मॅस्केलिनाइट हे नाव दिले. तो कसा बनतो, हे जवळपास शतकभर उलगडले नव्हते. १९६३ मध्ये मिल्टन आणि डिकार्ली यांनी स्फोटकांच्या धक्क्याने फेल्डस्पारचे रूपांतर याच पदार्थात करून दाखवले. म्हणजे मॅस्केलिनाइट ही धक्क्याची खूण ठरली. १९६४ मध्ये लाफाँ आणि डीट्झ यांनी लोणार आघाताचे असावे असे प्रश्नचिन्हासह सुचवले. मग तिथे वेधछिद्रे घेण्यात आली. तळ्याच्या गाळाखालून वर आलेल्या चुरा झालेल्या बेसाल्टमध्ये फेल्डस्पारचे मॅस्केलिनाइट झालेले होते. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा हा निष्कर्ष १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. यातले मिल्टन म्हणजे दहा वर्षांपूर्वी तो प्रयोग करणारेच. शेरघाटीचा अशनी मंगळावरून आलेला आहे हे पुढे १९८०च्या दशकापासून मान्य होत गेले, आणि मंगळाचे पृष्ठही मुख्यतः बेसाल्टचे असल्याने तिथली विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक लोणारला येऊ लागले.

आता पुन्हा लवणासुराकडे. विवराचे वय १९९७ मध्ये एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले, तेव्हा माणसाने आघात पाहिला असण्याची कल्पना निदान अशक्य वाटत नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले. आपल्या जातीच्या मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे, तेही आफ्रिकेतले. दख्खनमध्ये त्याआधी दगडी हत्यारे घडवणारे मानवसदृश जीव असतील. पण त्यांनी पाहिलेले संस्कृत पुराणापर्यंत पोहोचवील अशी कोणतीही परंपरा कल्पिता येत नाही. आणि वय ५२ हजारच धरले, तरी स्मृतीचा दावा करणाऱ्याला मधल्या हजारो वर्षांचा एकही दुवा दाखवता येत नाही.

मग कथेत उरते काय? माझ्या मते, पुष्कळ काही उरते. दैत्याचे नाव लवण आहे, आघात नव्हे. आजूबाजूला गोडे झरे आणि मधोमध खारे, क्षारयुक्त पाणी. ज्या क्षारावर माणसे पोट भरीत आणि राज्ये महसूल गोळा करीत, तो आला कुठून? कथा या प्रश्नाला सामोरी जाते. तिने डोळ्यांसमोरचे पाहिले आणि हाताशी असलेल्या भाषेत, म्हणजे दैत्य आणि अवतार यांच्या भाषेत, त्याचे कारण सांगितले. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनीही डोळ्यांसमोरचा बेसाल्ट पाहून हाताशी असलेल्या ज्वालामुखीच्या भाषेत कारण सांगितले. फरक इतकाच, आणि तो निर्णायक आहे, की त्यांच्या शास्त्राने स्वतःच्या उत्तराविरुद्धचा पुरावा शोधण्याची सोय ठेवली होती, आणि शंभर-दीडशे वर्षांनी का होईना, तो पुरावा मान्यही केला.

झाकणात अशनी वाचणारे आधुनिक भाष्य या दोहोंपैकी कोणाचाच मान राखत नाही. ते १९७३ मध्ये हाती आलेले ज्ञान कथेत मागाहून भरते आणि कथेने ते आधीच सांगितले होते असे म्हणते. त्यात वेधछिद्रांपाशी राबलेल्यांचे श्रेय जाते, आणि क्षाराचे कोडे सोडवू पाहणाऱ्या कथाकाराचे म्हणणेही ऐकले जात नाही. संहितेत आपल्याला हवे ते सापडले की थांबू नये, उलट तिथेच अधिक सावध व्हावे, हा धडा आपण वर्गात कवितेच्या निमित्ताने देतो. लोणारच्या काठावर उभे राहतानाही तो लागू आहे.