एकदा तोंडाला रंग लागला की...

"एकदा तोंडाला रंग लागला की तो सुटत नाही," असे नाटकवाल्यांबद्दल म्हणतात. गोव्यात तर देवळाचा उत्सव म्हटला की नाटक आलेच. रंगभूषाकाराची पेटी उघडली की गावातला शाळामास्तर, बागायतदार, दुकानदार त्याच्यापुढे एकेक करून बसतात आणि थोड्या वेळाने संभाजी, श्रीकृष्ण, येसूबाई होऊन उठतात. हे आपण लहानपणापासून पाहात आलो आहोत. पण त्या पाटावर नेमके काय घडते?

चांगला रंगभूषाकार आधी चेहरा निरखून बघतो. कुणाचे डोळे पाणीदार, कुणाचे नाक सरळ, कुणाचे कपाळ भव्य. जे मुळात चांगले आहे ते तो पुढे आणतो आणि उरलेले मागे ठेवतो. त्याचे सूत्र अगदी साधे आहे: उजळ रंग पुढे येतो, गडद रंग मागे जातो. नाकाच्या दांडीवर उजळ रेघ आणि दोन्ही बाजूंना किंचित गडद छटा दिली की बसके नाकही उठून दिसते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून काजळ थोडे लांबवले की डोळा मोठा होतो.

हे सूत्र रंगभूमीच्याही आधीपासून आपल्या देवळांत आहे. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर वेंगुर्ला रस्त्याने उचगावची वाट धरा. मळेकरणी देवीचे हे गाव. मंगळवारी आणि शुक्रवारी इथे भाविकांची रीघ लागते. मराठी साहित्य संमेलन भरवणारे गाव म्हणूनही सीमाभागात त्याचे नाव आहे. या सगळ्या पट्ट्यात, आणि घाटाखाली आपल्याकडेही, ग्रामदेवतेची पूजा कशी बांधतात ते आठवून पाहा. मूळ पाषाणाला पुष्कळदा नाकडोळेही धड नसतात. पुजारी त्यावर चांदीचे डोळे बसवतो, नथ घालतो, कपाळभर मळवट भरतो. तीनच गोष्टी, पण तेवढ्याने पाषाणाला मुख येते आणि देवी आपल्याकडे बघते आहे असे वाटू लागते.

मराठी रंगभूमीचा उगमही याच प्रदेशाशी जोडलेला आहे. उत्तर कानड्यातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यातूनच 1843 साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. त्यांचे 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले. भाव्यांच्या काळातला राक्षस लाल तोंडाचा, केस पिंजारलेला आणि आरोळ्या ठोकणारा होता. किर्लोस्करांच्या नाटकात मात्र माणसे गाऊ लागली, लाजू लागली, रुसू लागली, आणि चेहऱ्यावरचा रंगही नाजूक झाला.

रंग किती लावायचा हे ठरवतो तो उजेड. दशावताराचा खेळ आधी पलित्यांच्या आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडात चाले. अशा मिणमिणत्या, पिवळसर प्रकाशात सावळा चेहरा दूरच्या प्रेक्षकाला दिसतच नाही. म्हणून सफेत्याचा थर, त्यावर काजळाची जाड रेघ, ओठांना आणि गालांना लाल रंग. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचा दशावतारी कलाकार हे सारे स्वतःच्या हाताने, छोट्याशा आरशात बघून करतो. स्वतःच्या चेहऱ्यातली बलस्थाने त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? जुन्या रंगद्रव्यांना विषाचीही बाजू होती. हिंगुळात पारा असतो आणि शिशापासून केलेल्या सफेद्यात शिसे. देखण्या चेहऱ्याची किंमत कातडीने मोजावी लागे.

बालगंधर्वांच्या चेहऱ्यावर ही कला कळसाला पोहोचली. नारायण श्रीपाद राजहंस 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांचे नऊवारी नेसणे, नथ, केसांतली फुले यांचे अनुकरण घरंदाज बायका करू लागल्या. स्त्रीने सुंदर कसे दिसावे, हे एक पुरुष तिला शिकवत होता! आपल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकरही 'भावबंधना'तली लतिका आणि 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी रंगवत होते.

सिनेमातही सुरुवात अशीच झाली. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. 1917 सालच्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. चेहरा एकच, बाकीचे काम वेषभूषेने आणि रंगाने केले. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे ओठांची लाली पडद्यावर काळी उतरे. नाटकातले रंग तिथे चालणारे नव्हते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू. पुरुषाने काजळ-कुंकू लावून रंगमंचावर उभे राहणे ही कला ठरली. त्याच मंचावर स्त्री स्वतःचा चेहरा घेऊन उभी राहिली की ती संशयाची धनी होई. गोव्यातल्या कलावंत घराण्यांनी हे पिढ्यानपिढ्या सोसले. गाणे, नाच, अभिनय आणि साजशृंगार यांची जाण ज्या स्त्रियांनी जपली, त्यांच्याच नीटनेटक्या चेहऱ्याकडे समाज बोट दाखवी. 'नटवी' हा शब्द आपल्या भाषेत कौतुकाचा राहिला नाही, तो उगाच नव्हे.

हे चित्र हळूहळू पालटले. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये 1913 सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. 1933 साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर आल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा विचार मराठी मनात रुजू लागला. पुरुषाला स्त्री करणाऱ्या जाड थरांची गरजच मग संपत गेली.

घरातल्या आरशापुढेही त्या काळात बदल होत होता. 1919 साली मुंबईत पाटणवालांचा अफगाण स्नो निघाला आणि कपाटात पावडरच्या डब्याशेजारी त्याची बाटली दिसू लागली. 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केले आणि देशी लिपस्टिक दुकानात आली. तरीही 'लिपस्टिक लावणारी' हा शेरा पुढे कितीतरी वर्षे लग्नाच्या बैठकीत ऐकू येत असे. नाटकातल्या रुक्मिणीच्या रंगलेल्या चेहऱ्याला टाळ्या देणारी माणसे घरातल्या मुलीच्या काजळाकडे कपाळाला आठ्या घालून बघत.

आज मुलींना कुठल्या रंगाने गालाचे हाड उठून दिसेल, डोळे कसे मोठे दिसतील, हे शिकवणारे वर्ग गावोगावी आहेत. त्यांना शिकवले जाणारे सूत्र दशावतारी नटाच्या आणि पाषाणाला डोळे बसवणाऱ्या पुजाऱ्याच्या सूत्राहून वेगळे नाही: जे चांगले आहे ते ओळखा आणि पुढे आणा. फरक एवढाच की आता कुठला डोळा, कुठले नाक पुढे आणायचे हे ज्याचा चेहरा त्याने ठरवायचे आहे. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. स्वतःच्या चेहऱ्याने रंगमंचावर उभ्या राहिलेल्या आपल्या कलावंत स्त्रियांनी त्याची किंमत आधीच मोजून ठेवली आहे. आरशापुढे काजळ घालताना त्यांची आठवण असू द्यावी.