घोरपडे : एका आडनांवाचीं दोन घराणीं

गडमुडशिंगीहून हुपरीच्या वाटेनें पूर्वेकडे निघालें कीं थोड्याच कोसांवर इचलकरंजी लागते. दक्षिणेस कागलपलीकडे सेनापती कापशी आहे. या दोन्ही गांवीं घोरपडे नांदले. कापशीचे मराठे, इचलकरंजीचे ब्राह्मण. सोयरीक पाहतांना आडनांवावरून कूळ ताडण्याची आपणां सर्वांस संवय असते. त्या संवयीस येथें ठेंच लागते.

शब्दाचा अर्थ उघड आहे. घोरपड म्हणजे खडकास नखें रोवून चिकटणारा प्राणी. इसवी सन 1471 चें म्हणून दाखविलें जाणारें एक बहामनी फर्मान सांगतें कीं, महमूद गवानाच्या स्वारींत खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेतांना कर्णसिंह व भीमसिंह या पितापुत्रांनीं घोरपडीच्या कमरेस दोर बांधून तट गांठला. त्यांत बाप पडला आणि मुलास ‘राजे घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला. मुधोळचे घोरपडे भोसल्यांशीं आपलें नातें सांगत तें याच आधारावर. फर्मानाच्या खरेपणाविषयीं संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत, आणि आम्हांसही त्यावर फार भार टाकवत नाहीं. सिंहगडच्या तानाजीलाही लोकांनीं यशवंती घोरपड जोडून दिलीच आहे. पण मावळ्याचें ओझें पेलण्याइतकें बळ त्या बिचाऱ्या जनावरांत कोठून यावें? चिवटपणें कडा चढणाऱ्या माणसासच कोणी घोरपड म्हटलें असेल, असें आम्हांस वाटतें.

इचलकरंजीची हकीकत मात्र अधिक भरंवशाची आहे. कोंकणांतील म्हापणच्या जोशी घराण्यांतला नारो महादेव हा पितृहीन मुलगा कापशीकर संताजी घोरपड्यांच्या आश्रयास आला. संताजींनीं त्याला हातीं धरून वाढविलें, मानास चढविलें. त्या उपकाराची आठवण म्हणून नारोपंतांनीं जोशी हें आडनांव टाकून धन्याचें घेतलें. 1697 सालीं संताजी मारले गेले, तरी हें नांव इचलकरंजीस राहिलें. जात बदलली नाहीं, कुळाचार बदलला नाहीं. बदललें तें एवढेंच. त्यानें कोणाचें अडलेंही नाहीं. नारोपंतांचे पुत्र व्यंकटराव यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनीं आपली कन्या अनुबाई दिली, आणि थोरल्या बाजीरावांची बहीण घोरपड्यांची सून झाली.

पुढें त्याच गांवावरून गवई बाळकृष्णबुवा (1849–1926) इचलकरंजीकर म्हणून ओळखले गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर यांचें घराणें मूळचें गाडगीळ. पलूस गांवावरून तें पलुसकर झालें.